काळीवर उभी राहिलेली घरे

मराठी मुलखात गावाच्या जमिनीला दोन नावे चालत आली आहेत. घरे जिथे उभी ती पांढरी, पीक जिथे येते ती काळी. सौसर-पांढुर्णा पट्ट्यातले मोहगाव याच मुलखातले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी पट्टा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. माती मात्र दोन्हीकडे एकच राहिली. घर पांढरीत बांधायचे, आणि काळीवर बांधायची वेळ आलीच तर मुरूम लागेपर्यंत खोदायचे, हा जुना नियम. तो गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन नवा जिल्हा झाला, आणि जिल्हा झाला की कार्यालये, वसाहती, ले-आउट आलेच. ते शेतात, म्हणजे काळीवरच पडणार. काळीवर घर कसे टिकवावे याचे उत्तर देशातल्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षांपूर्वी शोधलेले आहे. ते उत्तर मिस्त्रीच्या हातापर्यंत पोचले नाही, ही या मागोव्यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट.

या पट्ट्यात दोन काळांचे खडक शेजारी येतात. एक अतिप्राचीन रूपांतरित खडक, ज्यांच्यात मँगनीज सापडते. भूविज्ञानात त्यांच्या समूहाला सौसरचेच नाव आहे. दुसरा दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा पाषाण झिजून काळी माती होते. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण पुस्तकाच्या पानांसारखे थरांचे. पाणी पानांच्या मध्ये शिरते आणि पुस्तक फुगते, पाणी गेले की मिटते. वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटतात, त्याचे कारण हेच. संत्र्याच्या बागायतदाराला हे शिकवावे लागत नाही. बहारासाठी बागेला ताण देताना हलक्या जमिनीला किती दिवस पुरतात आणि भारी जमिनीला किती जास्त लागतात, हे तो अचूक सांगतो. तोच शेतकरी त्याच भारी जमिनीवर घर बांधताना पायाचा विचार मिस्त्रीवर सोपवतो.

घराखाली ही माती सारखी फुगत नाही. जोत्याच्या कडेची माती पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते, मधली वर्षभर जवळजवळ तशीच राहते. मग कडा वर-खाली होतात आणि मध्य स्थिर राहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, श्रावणात दार चौकटीत अडते, दिवाळीनंतर पुन्हा सैल होते. भेगेत सिमेंट भरून रंग दिला की ती पुढच्या वर्षी बाजूला उघडते.

या मातीच्या अभ्यासाची पहिली शंभर वर्षे भरभर ओलांडता येतात. रुरकीचे कॉलेज १८४७ चे, पुण्याचे अभियांत्रिकी शिक्षण १८५४ चे, खडकवासल्याचे संशोधन केंद्र १९१६ चे. रस्ते, रेल्वे, कालवे झाले. काळी माती शक्यतो टाळली गेली किंवा खणून फेकली गेली. मृदा यांत्रिकीला शास्त्राचे रूप टेर्झाघी यांच्या १९२५ च्या ग्रंथाने दिले. १९४७ मध्ये रुरकीला केंद्रीय भवन संशोधन संस्था निघाली आणि पन्नाशीच्या दशकात दिनेश मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या मातीसाठी तळाशी फुगवट्याच्या खुंट्यांचा पाया पुढे आणला.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. तिपाई उभी करून हाताने फिरवायच्या ऑगरने सुमारे साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे, कारण या मातीत ऋतूंचा परिणाम साधारण तेवढ्याच खोलीपर्यंत जातो. तळाशी एक अवजार उतरवायचे; दाबले की त्याची पाती उघडतात, भिंत कोरतात आणि सुटलेली माती खालच्या बादलीत पडते. भोक तीस सेंटिमीटरचे असेल तर तळाचा फुगवटा पंचाहत्तरचा होतो, म्हणजे अडीच पट. सळया सोडून काँक्रीट भरले की खुंटी तयार. वरची माती कितीही हलली तरी फुगवटा खाली अडकलेला असतो आणि खुंटी उपटली जात नाही. खुंट्यांवरची तुळई मातीला टेकू द्यायची नसते; तिच्याखाली सुमारे आठ सेंटिमीटर पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तुळईला उचलणार नाही. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, गावातली चार माणसे हे करू शकतात. पोकळीचे कारण न समजलेल्या हातांनी ती मुरुमाने भरून टाकली की सगळी मेहनत वाया जाते.

खरा बहराचा काळ मात्र कोयनेच्या भूकंपापासून सुरू होतो आणि १९७८ पाशी पूर्ण होतो. या दहा-अकरा वर्षांत पाया, काँक्रीट आणि मजबुतीकरण या तिन्ही बाबतींत या मुलखाच्या प्रश्नांतून उत्तरे निघाली, आणि ती जगाने वाचली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचे रबल काँक्रीटचे धरण फुटले नाही, पण वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. भूकंपाचे धक्के टिपणारे यंत्र धरणातच होते. त्याने टिपलेली नोंद पुढे देशोदेशींच्या संशोधकांनी आपली गणिते तपासायला वापरली, आणि आजही वापरतात. भेगांत इपॉक्सी भरून, ताणलेल्या केबलींनी धरण तातडीने सावरले गेले. मग मागच्या बाजूने काँक्रीटचे भरभक्कम टेकू बांधून ते कायमचे बळकट केले गेले. सांडव्याच्या भागाला मात्र नव्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली. पाडायचे नाही, सोडायचे नाही, आहे त्याला आधार देऊन पुढे चालवायचे, हा धडा एवढ्या मोठ्या बांधकामावर गिरवला गेला तो इथे.

त्याच काळात आयआयटी मुंबईत आर. के. कट्टी काळ्या मातीच्या मोठमोठ्या नमुन्यांवर चाचण्या करत होते. त्यांना भिडलेला प्रश्न साधा होता. फुगणाऱ्या मातीचा दाब चौरस सेंटिमीटरला तीन किलो असेल, तर तो नुसत्या वजनाने दाबायला वर पंधरा मीटर माती हवी. प्रत्यक्षात शेतात एक-दीड मीटर खालची माती भिजूनही हलत नाही. मग तिला धरून कोण ठेवते? कट्टींचे उत्तर असे की भिजलेल्या मातीच्या थरात कण एकमेकांना धरणारे बल तयार होते आणि तेच खालच्या थराला आवरते. म्हणून वरचा सुमारे मीटरभर थर काढून, त्या जागी चिकटून राहणारी पण न फुगणारी माती दाबून बसवली, तर काळीला लगाम बसतो. नुसती वाळू चालत नाही, कारण वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत. चालतो तो योग्य मुरूम. या अभ्यासावरचे व्याख्यान त्यांनी १९७८ मध्ये इंडियन जिओटेक्निकल सोसायटीत दिले. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर हा थर प्रत्यक्ष वापरला गेला. पुढे कालव्यांच्या अस्तरासाठीच्या भारतीय मानकात फुगण्याच्या दाबानुसार पाऊण मीटरपासून एक मीटरपर्यंत जाडी लिहिली गेली. म्हाताऱ्या मिस्त्रीच्या 'मुरूम लागेपर्यंत खोद' या नियमाला शास्त्राने इतका जवळचा दुजोरा क्वचितच दिला असेल.

या उपायालाही मर्यादा निघाल्या आणि त्या लपवणे योग्य नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चाचण्यांत दिसले की माती भिजणे-वाळणे पुन्हापुन्हा झाले की थराचा परिणाम ओसरत जातो. म्हणून थराच्या कडेला पाणी पोचू न देणे, भोवती उताराची फरसबंदी करणे, छताचे पाणी नळीने लांब सोडणे, ही कामे थराइतकीच महत्त्वाची ठरतात. चुना मिसळूनही माती शांत होते. पण शास्त्राचा तो काळ असा होता की प्रश्न शेतातून यायचा आणि उत्तर मानकात जायचे. १९७७ मध्ये मातीचा मुक्त फुगवटा मोजण्याची पद्धत ठरली, १९८० मध्ये फुगवट्याच्या खुंट्यांचे मानक सुधारून निघाले. कागदावर सगळे पूर्ण झाले. खाली उतरण्याचे काम तिथेच थांबले.

ऐंशीच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, पण नुकसान त्याच दशकात झाले. १९८२ मध्ये सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण. परमिटवर मिळणारी गोणी दुकानात आली, आणि गावोगावी कॉलमचे घर उभे राहू लागले. कॉलम आले म्हणजे पाया आपोआप भक्कम झाला, असा समज रुजला. पाच फूट खोल खड्ड्यातला कॉलमचा पाया काळीत असेल, तर तो हलणाऱ्या थरातच उभा असतो. वर स्लॅब कितीही जाड असो. काँक्रीटही डोळ्यांच्या अंदाजाने कालवले जाऊ लागले. मिश्रण ओतायला सोपे व्हावे म्हणून पाणी वाढवले की ताकद घटते, हे १९१८ पासून ज्ञात आहे. आजचे मानक मिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस तराई मागते. गावात ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबते, कारण मे महिन्यात विहिरीला पाणी नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली घरे गोट्यांच्या रुंद भिंतींची आणि वर मातीच्या जाड धाब्याची होती. भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये मातीचा भराव, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. धक्क्याने पदर सुटले आणि धाबे खाली आले. तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. उभ्या राहिलेल्या घरांसाठीचा उपाय स्वस्त होता: भिंतीला आरपार भोक पाडायचे, दोन्ही टोके वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचे, आणि छताखाली भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. तरी अनेकांनी मिळालेल्या पैशात जुनी भिंत बांधून घेण्याऐवजी शेजारी एक नवी खोली उभारली. त्यांना दोष देता येत नाही. भोकातली सळई दिसत नाही, खोली दिसते. समजावणारे कमी पडले. २२ मे १९९७ ला जबलपूरचा भूकंप झाला आणि छिंदवाडा जिल्ह्यालाही त्याची झळ पोचली. सातपुड्याच्या या बाजूला धोका नाही, असे म्हणण्याची सोय तेव्हाच संपली.

नंतरच्या वर्षांत संशोधन पुष्कळ झाले: कार्बन तंतूंच्या पट्ट्या, कॉलमभोवती नवे कवच, औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचा मातीत वापर. ते मोलाचे आहे, पण बहुतेक सगळे पूल, मनोरे आणि महामार्ग यांच्यासाठी. मोहगावच्या तीन खोल्यांच्या घराला त्यातले काही परवडत नाही आणि गरजही नाही. त्याला लागणारे उत्तर १९७८ चेच आहे. ते इंग्रजी मानकांत बंद राहिले, मराठी मिस्त्रीला त्याच्या भाषेत कोणी सांगितले नाही, आणि नागपूर इतके जवळ असूनही राज्याच्या सीमेने हा पट्टा दोन्हीकडच्या खात्यांच्या नजरेआड ठेवला. नव्या जिल्ह्याला हे बदलण्याची संधी आहे. ले-आउट मंजूर करताना मातीची चाचणी अट म्हणून लावायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

ती चाचणी अशी आहे. पायाच्या खोलीवरची माती सुकवून, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चाळून, दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे करायचे. शंभर मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांपैकी एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरायचे आणि एकेक वाटा सोडायचा. हवेचे बुडबुडे ढवळून काढायचे आणि किमान चोवीस तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये दहा आणि पाण्यात अठरा मिलिलिटर भरली, तर फुगवटा ऐंशी टक्के. पन्नासच्या वर आकडा गेला, तर खड्डा भरू नका. आधी पायाचा विचार करा.