वडगाव, पण कुठले?

मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा जेमतेम ११ ओळींचा कोड इंटरनेटवरून नाहीसा झाला आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे काम अडले. अक्षरांच्या डावीकडे भर घालून ठरलेली लांबी पुरी करणे, एवढेच त्याचे काम. तो जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ या सामायिक भांडारात होता. असे तयार तुकडे, म्हणजे पॅकेजेस, प्रोग्रामर तिथून फुकट उचलतात. एक दुसऱ्यावर उभे, दुसरे तिसऱ्यावर. भांडण मात्र वेगळ्याच पॅकेजवरून पेटले होते. त्याच लेखकाच्या ‘किक’ या पॅकेजचे नाव त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने मागितले, एनपीएमने ते देऊ केले, आणि चिडलेल्या लेखकाने आपली सगळी, म्हणजे अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून घेतली. पुढे पॅकेज काढण्याचे नियम कडक झाले. पण दुखणे नावाच्या पद्धतीतच होते: अख्ख्या जगात ‘किक’ एकच, आणि पहिला येईल त्याचे.

गावाच्या बाबतीत नुसते ‘वडगाव’ म्हणून भागत नाही; बुद्रुक, शेरी की मावळ, हे सांगावे लागते. जावाच्या ‘मेव्हन सेंट्रल’मध्ये पॅकेजच्या आधी मालकाच्या वेबसाइटचा पत्ता उलटा लिहितात, उदाहरणार्थ ‘ऑर्ग.अपाची.कॉमन्स’, आणि तो आपलाच असल्याचे दाखवावे लागते. तिथे दोन ‘किक’ सुखाने नांदले असते. नावे लांबतात, नवख्याला जाच होतो, हा आक्षेप खरा. पण नाव एकदाच लिहायचे असते, फसगत मात्र महागात पडते. २०२०मध्ये एका सुरक्षा संशोधकाने बड्या कंपन्यांच्या खासगी पॅकेजेसची नावे घेऊन सार्वजनिक भांडारांत आपली पॅकेजेस ठेवली. अॅपल, मायक्रोसॉफ्टसारख्यांच्या यंत्रणांनी ती निमूटपणे उचलली. नाव बिनचूक होते, मालक तेवढा दुसरा.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे: वेबसाइटचा पत्ताही मुदत संपली की हातचा जातो. २०२२मध्ये पायथनच्या भांडारातल्या ‘सीटीएक्स’ पॅकेजच्या लेखकाच्या ईमेलचा डोमेन, म्हणजे त्यामागचा वेबपत्ता, असाच सुटला. कोणीतरी तो विकत घेऊन लेखकाच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि पॅकेजमध्ये चोरटा कोड घुसवला. म्हणजे पॅकेजला मालकाच्या पत्त्याचे आडनाव हवेच, पण सोबत ठसाही हवा. ‘गो’ भाषेत पॅकेजचे नाव म्हणजे त्याचा वेबपत्ताच, आणि २०१९पासून प्रत्येक आवृत्तीचा, तिच्या कोडवरून काढलेला गणिती ठसा एका सार्वजनिक नोंदवहीत राहतो. पत्त्याचा मालक बदलला तरी जुनी आवृत्ती गुपचूप बदलता येत नाही. नवी आवृत्ती मात्र नवा मालक काढू शकतोच.