दौतीपासून पडद्यापर्यंत

बैठ्या लेखनकर्माने मनुष्याच्या देहाला आणि दृष्टीला शीण येतो, ही तक्रार संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. मोदेना येथे अध्यापन केलेल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या व्याधींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला; आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांचा स्वतंत्र विचार करून अखंड बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण ही त्यांच्या दुखण्यांची तीन कारणे सांगितली.

आपल्याकडे मोडी दफ्तराच्या काळी मांडी घालून, दिव्याच्या मंद उजेडात खर्डे उतरणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांचे हाल कमी होत नसत. तथापि त्या कामाच्या घडणीतच विसावा होता. बोरू दौतीत बुडवावा, ओल्या शाईवर वाळू टाकावी, जुना कागद हवा तर उठून रुमाल सोडावा, या प्रत्येक कृतीत नजर क्षणभर अक्षरावरून सुटत असे. टंकयंत्र आले, तरी ओळीच्या अखेरीस घंटी वाजे, कागद बदलावा लागे आणि मिसल आणावयास फडताळापर्यंत जावेच लागे.

दृष्टीचे मोजमाप मात्र कचेरीत नव्हे, शाळेत प्रथम झाले. ब्रेस्लाउचे नेत्रवैद्य हेरमान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ साली दाखविले की, इयत्ता जसजशी चढते तसतसे ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाणही चढते. पुढे दीर्घकाळ सारा दोष पुस्तकाच्या माथी मारला गेला. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सिडनीतील मुलांच्या अभ्यासात, जी मुले उघड्यावर अधिक वेळ घालवितात त्यांच्यात हा विकार कमी आढळला. बैठकीचे नुकसान केवळ जवळच्या अक्षराने होत नाही, तर बैठक आपणांस ज्या सूर्यप्रकाशाला मुकविते त्यानेही होते, हा बोध येथे झाला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कचेरीत पडदा आला आणि त्याच्या किरणांनी डोळे जातील, अशी भीती पसरली. ती भीती खरी ठरली नाही. दुखणे मात्र खरे होते. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे टक लागली असता निम्म्याहूनही कमी वेळा मिटते, अश्रूंचा पातळ थर वाळतो, वातानुकूलित हवा त्यात भर घालते. आणि भिंगाला आकार देणारा स्नायू तासन्‌तास आवळलेला राहतो. युरोपीय समुदायाने १९९० सालच्या निर्देशाने पडद्यावर काम करणाऱ्यांस नेत्रतपासणीचा हक्क दिला आणि कामात नियतकालिक खंड असावा, असे बंधन मालकांवर घातले, ते याच जाणिवेतून.

या तीन शतकांत यंत्राने कारकुनाचे श्रम हलके केले, परंतु त्याबरोबरच त्याचे उठणे काढून घेतले. आज मिसल फडताळातून आणावी लागत नाही, ती बोटाच्या दाबासरशी डोळ्यांपुढे येते. म्हणून जो विसावा पूर्वी कामातूनच आपोआप मिळे, तो आता जाणीवपूर्वक योजिला पाहिजे. वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, पडदा नजरेच्या किंचित खाली असावा, हे व्यक्तीचे कर्तव्य झाले. परंतु माझे आग्रहाचे सांगणे वरिष्ठांना आहे. त्यांनी मेजे खिडकीपाशी मांडवावीत, घटका दीड घटकेला उठण्याची मुभा रिवाज म्हणून रुजवावी, आणि पाण्याचा माठ प्रत्येकाच्या हाताशी न ठेवता दालनाच्या दूरच्या टोकास ठेवावा.