हजार फॉन्ट, पण हवा तो एकही नाही!

माझ्या लॅपटॉपवर चौदाशे फॉन्ट होते. हो, चक्क मोजले होते! पुण्यातल्या ऑफिसात मी 'फॉन्टवाला' म्हणून फेमस. कोरल उघडेपर्यंत अख्खा चहा पिऊन व्हायचा, फॉन्टची यादी खाली सरकवताना बोट दुखायचं. पण शान म्हणजे शान, बॉस!

ही शान उतरली ढाणकीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं हे माझं आजोळ. मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम अर्थातच 'पुण्याच्या आर्टिस्ट'कडे आलं. मामांची अट एकच, मजकूर आजोबांचाच हवा. २००७ साली थोरल्या मामेबहिणीच्या लग्नात आजोबांनी तो शेजारी बसून, शब्दन् शब्द सांगून टाइप करून घेतला होता. आता आजोबा नाहीत. छापील पत्रिका घरभर शोधूनही मिळाली नाही. उरली होती फक्त एक सीडी.

सीडीवरची फाइल उघडली, तर 'फॉन्ट मिसिंग'चा निरोप! मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, कंस. म्हटलं, टेन्शन नको, मराठी फॉन्ट आपल्याकडे ढिगाने आहेत. एक लावला. अक्षरं मराठी झाली, पण एका शब्दाचा अर्थ लागेल तर शपथ! दुसरा लावला, तिसरा लावला. मागे उभी असलेली मामी हळूच म्हणाली, "गेलं का रे सगळं?"

किल्ली हरवली की...

युनिकोडमध्ये 'क'चा नंबर ठरलेला आहे. फॉन्ट बदला, 'क' हा 'क'च राहतो. पण त्याआधीच्या डीटीपीतले मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची बसवायची पद्धत वेगळी. म्हणजे फाइलमध्ये मराठी नसतंच, ते दिसतं फक्त त्या फॉन्टमुळे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट विंडोज २०००सोबत आला खरा, पण छापखान्यांत जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालत राहिले. आमची फाइल त्यांतलीच.

भांडी रोज चुलीवर नसतात!

संध्याकाळी पत्रिका छापायला जायची होती. शेवटी सीडी घेऊन मामा आणि मी डीटीपीच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटर इतका जुना, की मला त्याचीच दया आली. दुकानवाल्या काकांनी फॉन्टचं नाव वाचलं, एक फोल्डर शोधलं, फॉन्ट मॅनेजरमध्ये त्यावर टिक केली आणि फाइल उघडली. मजकूर हजर! सगळ्यांत वर आजीचं नाव, आजोबांचं त्याच्या खाली. मामा स्क्रीनकडे बघतच राहिले. म्हणाले, "मायचं नाव वर घेतलं होतं त्यानं. मी तर विसरूनच गेलो होतो."

आधी अख्खा मजकूर मी युनिकोडमध्ये टाइप करून घेतला. मग काकांनी टिक काढली आणि फॉन्ट यादीतून गायब. मी चौदाशेचा आकडा सांगितल्यावर काका हसले. "एवढे कायले चालू ठेवता भाऊ? लग्नाची भांडी रोज चुलीवर ठेवता का? पंगत असली की काढाची, घासून परत माळ्यावर."

गप्प बसलो. दुसरं काय करणार?

तुम्हीही हे करून बघा

• सगळे फॉन्ट इन्स्टॉल करू नका. फोल्डरमध्ये नीट लावून ठेवा आणि लागेल तेव्हाच चालू करा. नेक्ससफॉन्ट, फॉन्टबेस यांसारखे फॉन्ट मॅनेजर याचसाठी आहेत. कोरलचा स्वतःचा फॉन्ट मॅनेजर २०१६पासून मिळतो.

• इनडिझाइनमध्ये काम संपलं की 'पॅकेज' करा. फाइलशेजारी 'डॉक्युमेंट फॉन्ट्स' नावाचं फोल्डर तयार होतं. त्यातले फॉन्ट फाइल उघडली की चालू होतात, बंद केली की जातात. इन्स्टॉल करायची भानगडच नाही!

• प्रेसला द्यायच्या कॉपीत कंट्रोल क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह करा. पण मूळ फाइल वेगळी जपा, कारण कर्व्ह झालेली अक्षरं पुन्हा टाइप करून बदलता येत नाहीत.

• जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच युनिकोडमध्ये आणा. फॉन्टचं नावही फाइलसोबत लिहून ठेवा.

आता माझ्या लॅपटॉपवर मोजकेच फॉन्ट चालू असतात आणि कोरल चहा गाळायच्या आत उघडतं. पत्रिका 'मुक्ता' या मोफत युनिकोड फॉन्टमध्ये छापली, सगळ्यांत वर आजीचं नाव घेऊन. आजोबांचा मजकूर आता पुढच्या लग्नालाही तयार आहे. ते लग्न कुणाचं, हा प्रश्न मात्र मामीसमोर काढू नका, प्लीज!