शाळेचं माप कोणत्या काट्यावर?

चाचणीच्या गुणांवरून शाळा चांगली की वाईट ठरवण्याआधी मैंदर्गीच्या पालकांनी एवढं बघावं

दुधनीच्या बाजारात तूर घेऊन गेलात तर काय होतं? पोतं काट्यावर चढतं, आकडा दिसतो, पण त्या आकड्यावर सौदा होत नाही. बारदान वजा होतं. मूठभर तूर हातावर घेऊन ओल बघतात, काडी-माती बघतात. मग भाव ठरतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पोरांच्या शाळेचा मात्र आपण पहिल्या आकड्यावरच सौदा करतो. ‘त्या शाळेची सरासरी साठ टक्के, या शाळेची पंचेचाळीस’ एवढं कानावर आलं की पारावर निकाल लागला. ती चांगली, ही बेकार. मग पुढच्या जूनला दाखला काढायची बोलणी सुरू. बारदान किती होतं, ओल किती होती, हे विचारायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

चाचणी कशासाठी आली?

आधी एक गोष्ट कबूल करू. चाचण्या नव्हत्या तेव्हा सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. पोरगं पाचवीत गेलं तरी धडा वाचता येत नाही, हे वर्षानुवर्षं झाकलेलंच होतं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं २००५ मध्ये ‘असर’ ही पाहणी सुरू झाली. घरोघर जाऊन एकेका मुलापुढं दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवायचा आणि ‘वाच’ म्हणायचं, इतकी साधी रीत. देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी असा उतारा वाचणारी २०१८ मध्ये जवळपास २१ होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये ती १६ वर आली आणि २०२४ मध्ये २३ वर गेली. म्हणजे सुधारणा झाली, तरी शंभरातली ७७ मागंच. हे कळलं ते मोजलं म्हणून. तेव्हा ‘परीक्षाच नको’ म्हणणाऱ्यांच्या मागं जाण्यात अर्थ नाही.

आपल्या राज्यात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ‘पायाभूत चाचणी’ हा शब्द घराघरांत पोचला. पुढं २०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. विषय तीन: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. वर्षात चाचण्याही तीन: सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि एप्रिलमध्ये संकलित दोन. पेपर पुण्याहून येतो, तपासतात आपल्याच शाळेतले गुरुजी-बाई, आणि गुण ऑनलाइन भरले जातात. पायाभूत चाचणीचा हेतू एकच. पोरगं कुठं अडलंय ते वर्षाच्या सुरुवातीलाच कळावं आणि तिथून शिकवायला लागावं. शाळांची शर्यत लावायला ती आलेली नाही.

बारदान म्हणजे काय?

आता मैंदर्गीकडे या. अक्कलकोटहून दुधनीच्या वाटेवरचं आपलं हे गाव. घरात कन्नड, बाजारात कन्नड आणि मराठी दोन्ही, कचेरीत मराठी. चुलीपाशी आईशी कन्नडात बोलणारी पोरगी मराठी माध्यमात बसते, कारण पुढं नोकरीला मराठी लागेल असं बापाला वाटतं. त्याचंही चुकत नाही.

समजा, या पोरीला गणितात प्रश्न आला: ‘टोपलीत ३६ पेरू होते. त्यांतले ९ नासले. चांगले किती उरले?’ तिनं उत्तर कोरं सोडलं. गुण शून्य. वहीत निव्वळ ३६ वजा ९ मांडून द्या, ती झटक्यात २७ लिहील. म्हणजे तिचं गणित कच्चं नाही, ‘नासले’ हा शब्द तिला नवा आहे. दोन्ही पोरांच्या पुढं शून्यच दिसतं, ज्याला वजाबाकी येत नाही त्याच्याही आणि जिला शब्द कळला नाही तिच्याही. औषध मात्र दोघांना वेगळं.

याहून बारीक गोष्ट आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. कन्नडात ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. कन्नड वळण पडलेल्या पोरानं ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिलं तर त्याला ढ म्हणाल का? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत जुन्या रीतीच्या जोडीला आली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर तेव्हा समजावून सांगत होत्या की जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट्या क्रमाचे आकडे लहान पोरांना जड जातात. पुण्या-मुंबईत तो थट्टेचा विषय झाला. सीमेवरच्या वर्गात मात्र ती रोजची अडचण आहे.

कन्नड माध्यमाच्या मुलांना पेपर कन्नडात मिळतो, उर्दूवाल्यांना उर्दूत. अडकतं ते घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असलेलं पोर. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलेलंच आहे. ज्या शाळेत अशी पोरं निम्म्याहून जास्त, तिची सरासरी आणि ज्या शाळेत सगळ्यांच्या घरी मराठी, तिची सरासरी एका काट्यावर ठेवायची म्हणजे बारदानासकट तोलणंच झालं.

ओल कुठली?

दुसरी गोष्ट हजेरीची. दिवाळीच्या आगेमागे एखादं घर ऊसतोडीला किंवा पुण्याकडे मजुरीला गेलं की पोरही जातं. ते परत येऊन एप्रिलच्या चाचणीला बसलं, तर त्याचे गुण शाळेच्या नावावर पडतात. पण त्याला शिकवायचे महिने शाळेला मिळालेच कुठं?

तिसरी गोष्ट पटसंख्येची. बारा पोरांच्या वर्गात नऊ जणांना वाचता आलं तर ७५ टक्के. एक पोर कमी झालं की ६७, एक वाढलं की ८३. एका पोराला त्या दिवशी ताप आला एवढ्यावर शाळा ‘घसरली’ म्हणायची का? शंभरांच्या वर्गात हाच फरक एका टक्क्याचा. लहान शाळेचा आकडा दरसाल वर-खाली उडणारच.

चौथी गोष्ट, मोठ्या पाहण्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ झालं. त्यात देशभरातल्या निवडक शाळा असतात आणि निकाल जिल्ह्याचा लागतो. त्यावरून सोलापूर जिल्ह्याबद्दल काही बोलता येईल, तुमच्या गल्लीतल्या शाळेबद्दल नाही. ‘असर’ तर फक्त खेड्यांत फिरतं. मैंदर्गीला नगरपरिषद आहे, म्हणून ते आपल्या दारात येत नाही. तेव्हा पेपरातला जिल्ह्याचा आकडा घेऊन कुणी आपल्या गुरुजींना धारेवर धरू नये.

काट्यावर बोट

आता जरा लांबचं उदाहरण. अमेरिकेत २००२ मध्ये कायदा झाला की चाचणीच्या निकालावर शाळांचा जाब विचारायचा. निकाल सुधारले नाहीत तर शाळेवर कारवाई. अटलांटा शहरात गुण भराभर वाढले, कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. मग २०११ मध्ये चौकशीचा अहवाल आला: ४४ शाळांत मिळून १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांनी गैरप्रकार केले होते. पोरांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर खुणा केल्या होत्या. २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं. नुकसान कुणाचं झालं? ज्या पोरांना जादा शिकवणीची गरज होती त्यांचं. कागदावर ती हुशार झाली आणि मदत बंद पडली.

हे काही अमेरिकेपुरतं नाही. आकड्याला शाबासकी आणि शिक्षा जोडली की काट्यावर कुणाचं तरी बोट पडतं. आपल्याकडे तर तपासणारे आणि ज्यांचं नाव व्हायचं ते एकच. म्हणून सरासरी कमी आली की गुरुजींना ओरडणारा पालक नकळत काय सांगत असतो? ‘पुढच्या वेळी आकडा चांगला दाखवा.’ आकडा दाखवणं सोपं असतं हो. पोरगं वाचतं करणं अवघड.

मग विचारायचं काय?

‘एप्रिलमधून ऑगस्ट वजा करा, किती वाढले ते बघा’ असं काहीजण सांगतात. दिशा बरोबर आहे, पण थेट वजाबाकी चालत नाही. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेवर असते, संकलित दोन चालू इयत्तेवर. पेपरच वेगळा. तेव्हा गुण सोडा, कौशल्य धरा. शाळेत जाऊन एवढंच विचारा.

एक, माझं पोर ऑगस्टमध्ये काय करू शकत नव्हतं आणि आज काय करतंय? हातच्याची वजाबाकी, जोडाक्षराचा शब्द, सलग उतारा, असं नाव घेऊन सांगा.

दोन, वर्गात सगळ्यात जास्त पोरं कोणत्या प्रश्नाला अडली? तो प्रश्न गणिताचा होता की भाषेचा?

तीन, जी पोरं मागं आहेत त्यांच्यासाठी कोणत्या वेळी आणि काय चाललंय?

या तीन प्रश्नांना सरळ उत्तर देणारी शाळा पंचेचाळीस टक्क्यांची असली तरी बिनधास्त पोर ठेवा. उत्तर नसेल तर साठ टक्क्यांनी हुरळून जाऊ नका.

आणि हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि समितीत निम्म्या बायका. सभेला जाऊन सही करून चहा पिऊन येण्यापेक्षा पेपराचा गठ्ठा मागून बघा. पोराची उत्तरपत्रिका वाचता येत नसेल तर गुरुजींकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा कसला?

घाई एवढ्यासाठी की आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. २०२३-२४ पासून ती आपल्या राज्यात आली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तिथंही अडला तर त्याच वर्गात बसायचं. म्हणजे चुकीच्या मापाचा भुर्दंड आता शाळेला नाही, थेट पोराला बसणार. टोपलीतले पेरू ‘नासले’ म्हणजे काय हे न कळल्यानं जी पोरगी तिसरीत गप्प बसली, ती पाचवीत नापास झाल्यावर तिला पुन्हा शाळेत कोण पाठवणार आहे? घरकामाला आणि रानात हात हवेच असतात.

तूर विकताना तुम्ही काट्याजवळ उभं राहता, पोत्यापोत्याला डोळा ठेवता. यंदा ऑगस्टची चाचणी झाली की एक सकाळ शाळेच्या काट्याजवळही उभे राहा.