विमानाचं तिकीट नंतर, आधी सिबिल: दुकानदाराने क्रेडिट हिस्ट्री शून्यातून कशी उभी करायची?



"सर, धंदा चांगला चालतो, आयुष्यात कुणाचा एक रुपया बुडवला नाही, कर्ज तर कधी घेतलंच नाही. तरी बँकेने ट्रॅव्हल कार्डाचा अर्ज नामंजूर केला. असं का?"

दर बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. उत्तर प्रश्नातच आहे: कर्ज कधी घेतलंच नाही! आपल्या घरात "कर्ज नको रे बाबा" हा संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे. पण बँकेला तुम्ही पैसे घेऊन वेळेवर परत करता की नाही, हे कुठेतरी लिहिलेलं दिसावं लागतं. काहीच लिहिलेलं नसेल तर तुम्ही वाईट नसता, अनोळखी असता. आणि अनोळखी माणसाला आपणसुद्धा उधारी देत नाही.

व्हिडिओत हा विषय घाईत झाला होता, म्हणून इथे सविस्तर.

माझाच किस्सा आधी

माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. माल घ्यायला वर्षातून दोनदा तिरुपूरला जावं लागतं, म्हणजे मुंबई ते कोइमतूर विमान. वाटलं, पॉइंट्स देणारं कार्ड घेऊ, एखादं तिकीट सुटेल. अर्ज केला, नामंजूर झाला. रिपोर्ट काढून पाहिला तर दोन गोष्टी निघाल्या. एक, कॉलेजात असताना कुणाच्या तरी आग्रहाखातर घेतलेलं, कधीच न वापरलेलं कार्ड. त्याची ४९९ रुपये वार्षिक फी थकलेली आणि दंड लागून काही हजारांवर गेलेली. दुसरी, एका नातेवाइकाच्या गाडीच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. त्याचे तीन हप्ते उशिरा गेलेले आणि ते कर्ज माझ्याही रिपोर्टमध्ये!

कार्ड मिळालं नाही याचं फार दुःख नव्हतं. खरा फटका दिवाळीला बसला. सीजनचा माल भरायला बँकेकडे सीसी मागितली, तर त्याच रिपोर्टवर नकार आला. मग होलसेलरकडून उधारीवर माल उचलला आणि रोखीचा डिस्काउंट गेला. म्हणून सांगतो, विषय कार्डाचा दिसत असला तरी दुकानाच्या भांडवलाचा आहे. तुमची एकल मालकी असेल तर बँकेच्या नजरेत तुम्ही आणि दुकान एकच. मुद्रा लोन असो वा सीसी, आधी मालकाचा स्कोअर बघितला जातो.

सिबिल म्हणजे नक्की काय?

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या तुमच्या प्रत्येक कर्जाची आणि कार्डाची माहिती यांच्याकडे पाठवतात. जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला जाऊ लागली. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये स्कोअर निघतो. साधारण ७५० च्या पुढे असेल तर चांगलं समजतात, पण अमुक स्कोअर असलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपापलं ठरवते.

आता यात काय मोजलं जातं आणि काय नाही, इथे आपले बरेच दुकानदार फसतात:

- भिशी कितीही वर्षं चोख भरली असेल, इथे शून्य.
- होलसेलरची उधारी, सावकाराकडचं देणं: इथे शून्य.
- क्यूआर कोडवर रोज कितीही पैसे येऊ द्या, ती कर्जफेड नाही, त्यामुळे इथे शून्य.
- पतसंस्थेचं कर्ज: बऱ्याच पतसंस्थांची माहिती इथे येत नाही. तुमच्या पतसंस्थेत विचारून घ्या.
- बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं सोनेतारण, मोबाईलचा ईएमआय, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड: हे सगळं मोजलं जातं. सहकारी बँकेचं कर्जसुद्धा.
- आणि हो, जामीन राहिलेलं कर्जही मोजलं जातं.

पायरी १: अर्जाआधी रिपोर्ट काढा

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. त्यांच्या वेबसाइटवर जाऊन पॅन नंबर आणि मोबाईलच्या ओटीपीवर मिळतो. आपला रिपोर्ट आपण कितीही वेळा बघितला तरी स्कोअर कमी होत नाही. बँक बघते तेव्हा मात्र त्याची 'एन्क्वायरी' म्हणून नोंद होते. एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले तर पाच नोंदी होतात. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस पैशासाठी धावपळ करतोय.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी तपासा: नाव आणि पॅन बरोबर आहे का, तुम्ही न घेतलेलं खातं दिसतंय का, फेडलेलं कर्ज अजून चालू दाखवतंय का, आणि कुठे 'सेटल्ड' लिहिलंय का. सेटल्ड म्हणजे बँकेने कमी पैशात प्रकरण मिटवलं. आपल्याला वाटतं मिटलं, पण बँका त्याचा अर्थ 'पूर्ण फेडलं नाही' असा घेतात.

चूक असेल तर ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

पायरी २: एफडीवरचं कार्ड

हिस्ट्रीच नसेल तर हा सगळ्यात सरळ रस्ता. बँकेत २०–२५ हजारांची एफडी करायची आणि तिच्यावर कार्ड मागायचं. लिमिट साधारण एफडीच्या ७५ ते ९० टक्के मिळतं, बँकेनुसार फरक पडतो. एफडीचं व्याज चालूच राहतं आणि उत्पन्नाचे कागद सहसा मागत नाहीत. रिपोर्टमध्ये हे कार्ड इतर कार्डांसारखंच नोंदलं जातं. पण एक लक्षात ठेवा, बिल थकवलं तर बँक एफडी मोडून पैसे वसूल करते आणि खराब नोंद होते ती वेगळीच.

रुपे कार्ड घेतलं तर ते यूपीआयला जोडता येतं. मग किराणा, पेट्रोल असले छोटे खर्च त्यावरून करता येतात.

पायरी ३: कंटाळवाणे १२ महिने

आता खरं काम. यात हुशारी काही लागत नाही, फक्त सातत्य लागतं.

१. बिलाची पूर्ण रक्कम भरा. 'मिनिमम ड्यू' नाही, 'टोटल ड्यू'. त्याच रकमेचं ऑटो डेबिट लावून टाका आणि त्या तारखेला खात्यात पैसे ठेवा. नियमाप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच थकबाकीची नोंद जाते, पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर बसू नका.

२. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवा. २० हजार लिमिट असेल तर महिन्याला ६ हजार. एखाद्या महिन्यात जास्त झाला तर बिल निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाका.

३. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

४. जुनं कार्ड उगाच बंद करू नका, त्याने हिस्ट्रीला वय मिळतं. पण फी लागणारं आणि न वापरलेलं असेल तर रीतसर लेखी बंद करा. बाकी काही नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा असतो. मी हे कॉलेजातच केलं असतं तर!

साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसायला लागतो. वर्षभराने बँक स्वतःहूनच लिमिट वाढवायचं किंवा साधं, बिनफीचं कार्ड द्यायचं विचारते.

पायरी ४: आयटीआर खरा भरा

नोकरदाराकडे पगाराची स्लिप असते. आपल्याकडे आयटीआर. कार्डासाठी साधारण एक-दोन वर्षांचे रिटर्न बघतात. पण आपण काय करतो? कर वाचवायला उत्पन्न अडीच-तीन लाख दाखवतो आणि मग मोठ्या लिमिटचं कार्ड मागतो. कसं जमायचं? आर्थिक वर्ष २०२५–२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे बहुतेक छोट्या दुकानदारांना उत्पन्न दडवून वाचवण्यासारखा करच उरलेला नाही. सीएकडे बसा आणि खरा आकडा भरा. कार्ड आणि कर्ज, दोन्हींसाठी हाच कागद लागतो.

पायरी ५: आता ट्रॅव्हल कार्ड, पण आधी हिशोब

दीड-दोन वर्षं झाली, स्कोअर चांगला आहे, आयटीआर आहे. आता जिथे तुमचं करंट अकाउंट आहे त्याच बँकेत पहिला अर्ज टाका. तिला तुमची उलाढाल रोज दिसते. एका वेळी एकच अर्ज.

कार्ड निवडताना जाहिरात बघू नका, गणित मांडा. समजा वार्षिक फी ५,००० रुपये, जीएसटी धरून ५,९००. खर्चावर २ टक्के किमतीचे पॉइंट्स मिळतात असं धरलं तर नुसती फी वसूल व्हायला २ लाख ९५ हजारांचा खर्च लागतो. तुमचा प्रवास वर्षातून एक विमान आणि बाकी पंचवटी एक्स्प्रेस असा असेल, तर एअरपोर्ट लाउंजचं कार्ड घेऊन करणार काय? त्यापेक्षा आयआरसीटीसी आणि एसबीआयचं आहे तसं रेल्वेचं कार्ड बघा, पॉइंट्समधून रेल्वेचं तिकीट निघतं. फी, पॉइंट्सची किंमत, ते कधी संपतात हे अर्जाच्या दिवशी वाचा, कारण बँका हे बदलत राहतात.

आणि हे दुसरं गणित वहीत लिहून ठेवा. महिन्याचं बिल ४० हजार. १ टक्क्याने पॉइंट्स मिळाले ४०० रुपयांचे. तुम्ही भरलं फक्त मिनिमम, ५ टक्के म्हणजे २ हजार. उरलेल्या ३८ हजारांवर महिना ३.५ टक्के व्याज १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९ रुपये. एकूण १,५६९. म्हणजे चार महिन्यांचे पॉइंट्स एका महिन्यात गेले! शिवाय पुढच्या खरेदीलाही लगेच व्याज लागायला सुरुवात होते. पूर्ण बिल भरायची खात्री नसेल तर हे कार्ड तुमच्यासाठी नाही. सीसीचं व्याज यापेक्षा कितीतरी कमी असतं.

आपण दुकानदार हमखास करतो त्या चुका

आपलंच कार्ड आपल्याच मशीनवर घासणं. "पॉइंट्सही मिळतात, रोखही मिळते" असं कुणीतरी सांगतं. मशीन देणाऱ्या बँकेच्या करारात हे बसत नाही. मशीन जाऊ शकतं, कार्ड जाऊ शकतं, वर चार्जेस लागतात ते वेगळेच.

वैयक्तिक कार्डावर दुकानाचा सगळा माल घेणं. बऱ्याच बँकांच्या अटींमध्ये वैयक्तिक कार्ड धंद्याला चालत नाही. पॉइंट्स रद्द होतात, कधी कार्डही ब्लॉक होतं. खरेदी मोठी असेल तर बिझनेस कार्ड मागा. प्रवास धंद्यासाठी असेल तर तिकीट काढताना दुकानाचा जीएसटी नंबर टाका.

गल्ल्यातली रोख नेऊन बिल भरणं. वर्षात १ लाख किंवा जास्त रोखीने, किंवा इतर मार्गांनी १० लाख किंवा जास्त कार्डबिल भरलं तर आयकर खात्याला माहिती जाते. आयटीआरमध्ये तीन लाख आणि कार्डावर बारा लाख असेल तर नोटीस येऊ शकते.

आणि जामीन. नाही म्हणणं अवघड असतं, मला माहीत आहे. पण सही करायची तर ते कर्ज आपलंच आहे असं समजून करा, आणि हप्ता गेला का हे दर महिन्याला विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर सहीच करू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

आज फक्त एकच करा: चारपैकी एका कंपनीच्या वेबसाइटवरून आपला फुकटचा रिपोर्ट काढा आणि वर सांगितलेल्या चार गोष्टींवर पेनाने खूण करा. हिस्ट्री दिसलीच नाही तर याच महिन्यात एफडीवरचं कार्ड काढा. सिंहस्थासाठी धंदा वाढवायचा विचार अनेकांच्या डोक्यात आहे, त्यासाठी भांडवल लागणार. बँकेत जायच्या आदल्या दिवशी स्कोअर तयार होत नाही. मला दोन वर्षं लागली. त्यानंतर सीसी आधी मिळाली, कोइमतूरचं तिकीट त्याच्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण हिशोबाने!