लेखनास खुला विदासंग्रह : ओपनस्ट्रीटमॅपच्या एपीआयची रचना

सार्वजनिक विदा 'खुली' आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्या विधानाचे दोन भिन्न अर्थ संभवतात. ती कोणासही वाचता यावी, हा एक अर्थ. तीत कोणासही भर घालता यावी व दुरुस्ती करता यावी, हा दुसरा. ग्रंथालयाची सूची पहिल्या अर्थाने खुली असते. वाचक ती चाळू शकतो, पण तीत स्वतःच्या हाताने फेरफार करू शकत नाही. दुसऱ्या प्रकारचा खुलेपणा आचरणात आणणे पुष्कळच कठीण. इंग्लंडमध्ये २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशा त्याचे अभ्यसनीय उदाहरण होय. त्याचे सर्व लेखन एका एपीआयमधून होते. एपीआय म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीकडे कोणत्या रूपात मागणी करावी आणि तिला कोणत्या रूपात उत्तर मिळावे, याविषयीचा ठरलेला करार.

अशा संग्रहाची गरज झपाट्याने बदलणाऱ्या नगरांत विशेष जाणवते. १६ एप्रिल १८५३ रोजी लोहमार्ग ठाण्यास पोहोचला व १८५४ साली कल्याणपर्यंत गेला. त्याच्या दोन्ही अंगांनी वस्ती वाढली आणि पूल हे दळणवळणाचे मर्मस्थान बनले. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला. नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या दोन वर्षांत जुना पूल दाखविणारा नकाशा रुग्णवाहिकेस चुकीच्या वाटेवर नेऊ शकला असता. असा बदल प्रथम कळतो तो त्या वाटेने रोज जाणाऱ्यास. त्याच्या हाती लेखणी द्यावी, हा खुल्या लेखनाचा मूळ हेतू.

या संग्रहाची मांडणी साधी आहे. त्यात तीनच घटक आहेत : बिंदू, बिंदूंच्या क्रमाने बनलेली रेषा, आणि घटकांचे परस्परसंबंध नोंदविणारा संबंध-घटक. बिंदूचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत साठविले जातात. भूमीवर ही सूक्ष्मता सुमारे एका सेंटिमीटरची होते. घटकाचे वर्णन 'गुण व मूल्य' अशा जोड्यांनी केले जाते. त्यामुळे डोंबिवलीचे मराठी नाव व रोमन लिपीतील नाव एकाच घटकावर स्वतंत्रपणे नांदू शकतात.

खरी अडचण लेखनाच्या वेळी उद्भवते. समजा, एका पुलाच्या नोंदीची सातवी आवृत्ती ठाण्यातील एकाने व डोंबिवलीतील दुसऱ्याने एकाच वेळी उघडली. पहिल्याने पुलाचे मराठी नाव भरले. दुसऱ्याने 'वाहतुकीस बंद' अशी नोंद केली. नंतर येणारे लेखन आधीचे पुसून टाकू लागले, तर दोहोंपैकी एकाचे श्रम कोणास न कळता नष्ट होतील. नोंदीस कुलूप घालणे हा एक उपाय खरा. परंतु काम अर्धवट टाकून निघून गेलेला लेखक इतरांचा मार्ग अडवून ठेवील. म्हणून एप्रिल २००९ मध्ये आलेल्या एपीआयच्या ०.६ या आवृत्तीने निराळा मार्ग स्वीकारला. प्रत्येक घटकास आवृत्ती-क्रमांक असतो व लेखकाने आपण कोणत्या आवृत्तीवर काम केले ते सांगावे लागते. पहिल्याचे लेखन स्वीकारले जाऊन आठवी आवृत्ती सिद्ध होते. सातवीच्या आधारे आलेले दुसरे लेखन ४०९ या संघर्षसूचक संकेताने परत पाठविले जाते. दुसऱ्याने आठवी आवृत्ती पाहावी, आपली भर तीत घालावी व मग नववी सादर करावी. येथे कोणाचेही लेखन गुपचूप लोपत नाही.

याच आवृत्तीने 'चेंजसेट', म्हणजे एकत्रित फेरफारांचा संच, ही संकल्पना आणली. प्रत्येक फेरफार नोंदणीकृत सदस्याच्या एखाद्या संचात असावा लागतो. संचास हेतू सांगणारी टिप्पणी जोडता येते. त्यात दहा हजारांपर्यंत फेरफार मावतात व तो चोवीस तासांहून अधिक काळ उघडा राहत नाही. नोंद रद्द करणे म्हणजेसुद्धा एक नवी आवृत्ती लिहिणे होय. पूर्वेतिहास तसाच राहतो. जो बिंदू अन्य रेषेस आधारभूत आहे तो काढू गेल्यास ४१२ हा संकेत येतो. म्हणून पूल पुसताना त्यास भिडलेला रस्ता तुटत नाही. दुष्ट हेतूने केलेला फेरफार उलटविणे हेही साधे लेखनच असते. सारांश, या व्यवस्थेतील विश्वास प्रवेशद्वारावरील पहाऱ्यावर नव्हे, तर प्रत्येक कृतीच्या दृश्यतेवर व तिच्या परिहाराच्या सुलभतेवर उभा आहे.

तथापि या रचनेची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. आवृत्ती-क्रमांक दोन लेखनांतील संघर्ष दाखवितो. त्यांपैकी खरे कोणते, हे तो सांगत नाही. योग्य क्रमांक देऊन लिहिलेले असत्य एपीआय निमूटपणे स्वीकारते. उघडलेला पूल नकाशात बंदच राहिला, तर तेथेही यंत्रास कोणता दोष आढळणार नाही. सत्याची कसोटी शेवटी त्या स्थळीच लागते. एपीआयचे कार्य एवढेच की, कल्याणच्या एखाद्या रहिवाशाने प्रत्यक्ष पाहून केलेली दुरुस्ती कोणाच्या अनवधानाने पुसली जाऊ नये, आणि ती चुकीची ठरल्यास दुसऱ्या रहिवाशास ती बदलता यावी.