नफा कशामागे मोजायचा?

संगणकावर इंटरनेटमार्फत खेळले जाणारे काही खेळ विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे असतात. गाव वसवायचे, लाकूड, माती, लोखंड आणि धान्य गोळा करायचे व त्यांतून इमारती उभ्या करायच्या, अशी त्यांची रचना असते. जर्मनीत २००४ साली सुरू झालेला ‘ट्रॅव्हियन’ हा त्यांपैकीच एक. अशा खेळात मुले तासन्‌तास एकच काम पुन्हा पुन्हा करीत बसतात. त्यांतली हुशार मुले मात्र लवकरच वहीत आकडेमोड सुरू करतात : लाकूड तोडणे जास्त फायद्याचे, की लोखंड खणणे?

या प्रश्नात एक गंमत दडलेली आहे. ‘जास्त फायद्याचे’ म्हणजे कशामागे जास्त? मिनिटामागे, मजुरामागे, की गुंतवलेल्या नाण्यामागे? भाजक बदलला की उत्तर बदलते. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलचा शेतकरी दर वर्षी हाच प्रश्न सोडवीत असतो. फरक एवढाच, की त्याचा डाव चुकला तर खेळ नव्याने सुरू करता येत नाही.

त्याचे गणित आपण वर्गात मांडून पाहू. आकडे सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील खरे आकडे विचारून घ्यावेत, तोच या पाठातला सर्वांत चांगला भाग ठरेल.

समजा, शेतकऱ्याकडे सहा एकर जमीन, एक विहीर आणि खर्चासाठी १ लाख ९५ हजार रुपये आहेत. केळीला एकरी ७० हजार खर्च येतो आणि खर्च वजा जाता ९० हजार उरतात. दुसरा पर्याय म्हणजे पावसावर कपाशी व ती डिसेंबरात उपटून हरभरा. दोन्ही पिकांचा मिळून एकरी खर्च २५ हजार, उरतात ४२ हजार. एकरामागे पाहिले तर केळी दुपटीहून सरस आहे. पण गुंतवलेल्या रुपयामागे पाहा : केळी १ रुपया २९ पैसे देते, तर कपाशी-हरभरा १ रुपया ६८ पैसे!

आता पाणी. पाच बाय पाच फुटांवर लावल्यास एकरात केळीची सुमारे १७४२ झाडे बसतात. मे महिन्यात ठिबकने झाडाला रोज २० लिटर द्यावे लागते असे धरले, तर एकराला रोज सुमारे ३५ हजार लिटर झाले. विहीर मे महिन्यात रोज ७० हजार लिटरच देत असेल, तर दोन एकरांपलीकडे केळी नाही. तीच विहीर ऑक्टोबरात दुप्पट पाणी देईल, पण त्याचा उपयोग नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी, आणि इथे ती कडी म्हणजे मे महिना. हरभरा मात्र तोपर्यंत घरात आलेला असतो. त्याचे मे महिन्यातील पाणी शून्य.

केळीचे क्ष एकर आणि कपाशी-हरभऱ्याचे य एकर मानू. जमिनीची अट : क्ष + य सहापेक्षा जास्त नको. पाण्याची : क्ष दोनपेक्षा जास्त नको. पैशाची (हजारांत) : ७०क्ष + २५य हे १९५ पेक्षा जास्त नको. नफा ९०क्ष + ४२य. आलेख कागदावर या तीन रेषा काढल्या की एक बहुकोन मिळतो आणि सर्वांत मोठा नफा त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतो. सगळी कपाशी लावली तर २ लाख ५२ हजार. पाणी पुरेल तेवढी, म्हणजे दोन एकर केळी लावली, तर उरलेल्या पैशात २.२ एकरच कपाशी होते, जमीन पडीक राहते आणि नफा २ लाख ७२ हजार ४००. एक एकर केळी व पाच एकर कपाशी घेतली तर पूर्ण ३ लाख! एकरामागे केळी श्रेष्ठ असूनही ती एकाच एकरात लावणे शहाणपणाचे ठरते.

या पद्धतीला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. सोव्हिएत रशियात कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवुडच्या उत्पादनाचा प्रश्न सोडवताना ती मांडली आणि अमेरिकेत डँट्‌झिग यांनी १९४७ मध्ये तिला सिम्प्लेक्स ही रीत दिली. बारावीच्या गणितात ती असते, पण बहुधा खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यापुरती.

केळीचा भाव तर सारखा खालीवर होतो. मग उत्तर रोज बदलेल का? नाही. केळीचा एकरी नफा ४२ हजार ते १ लाख १७ हजार ६०० यांच्या दरम्यान कुठेही असला, तरी हाच कोपरा सर्वोत्तम राहतो. हे विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावे. दुसरा उपप्रश्न कर्जाचा. आणखी ४५ हजार मिळाले तर दोन एकर केळी व चार एकर कपाशी होते आणि नफा ४८ हजारांनी वाढतो. व्याज त्याहून कमी असेल तर कर्ज परवडते. परंतु त्यापुढचा एक रुपयाही नफा वाढवीत नाही, कारण आता पाण्याची अट आडवी येते. (मे-जूनमधील वादळात बाग आडवी झाली तर काय, हे या गणितात कुठेच नाही. कर्ज काढताना शेतकऱ्याच्या मनात मात्र तेच असते.)

आणि इथेच खेळ व शेती यांची फारकत होते. पैसा संपला की कर्ज, तसे पाणी संपले की खोल बोअर, असा विचार प्रत्येक जण करतो. प्रत्येकाचे गणित बिनचूक असते. पण भूजल सर्वांचे एकच असल्याने, एकाने बोअर घेतली की शेजाऱ्याच्या समीकरणातले ‘७० हजार लिटर’ कमी होतात. यावल-रावेर भागात पाणी पातळी वर्षानुवर्षे खोल गेली, ती अशा अनेक बरोबर उत्तरांची बेरीज होऊन.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात याच प्रश्नाची फार जुनी उकल होती. पांझरा नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी घेत आणि लाभक्षेत्राचे मोठे तुकडे पाडीत. अशा तुकड्याला फड म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे : एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि दर वर्षी फेरपालट. पीक एकच असल्याने सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागते, पाट थोड्याच भागात चालतो आणि गळती कमी होते. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या व देखरेखीला हवालदार असे. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचे ठरले, तर तोटा सर्वांत वाटला जाई. म्हणजे ‘पाणी किती’ ही अट प्रत्येकाची वेगळी नसून गावाची एकच होती आणि क्ष व य गावाने मिळून ठरवायचे होते. वरच्या बाजूला धरणे झाली, घरोघरी विहिरी आल्या, तसे बरेच फड मोडले. काही ठिकाणचे बंधारे आणि पाट मात्र अजून पाहता येतात. शाळेची सहल नेता आली तर पाटकऱ्याचे काम केलेल्या एखाद्या वृद्धाला विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे, की टंचाईच्या वर्षी कोणता फड सोडायचा हे कोण आणि कसे ठरवीत असे.